मोजावाल्या बाईबद्दल दोन ओळी

दोन पानं भरून तलाव आहे. काळपट हिरवा, संध्याकाळ व्हायच्या थोडं आधीचा, पाळीवर मोहाची दोन झाडं. पाण्याच्या एका कोपऱ्यात देवधानाचं गवत दाट उभं आहे आणि त्या गवतातून एक हात मनगटापर्यंत वर आलेला आहे. हातात पांढरा मोजा. एकच हात, एकच मोजा, आणि पानावर एकही शब्द नाही. चंद्रपुरातल्या माझ्या खिडकीत सकाळी ठेवलेल्या पुस्तकावर दुपारपर्यंत कोळशाची काळी पूड बसते. ती मी सवयीनं फुंकरीनं उडवली आणि हात तसाच वर राहिला. चहाचा कप ओठांपाशी किती वेळ धरला होता ते सांगता येणार नाही, पण प्यायलो तेव्हा चहा गार होता.

हे पुस्तक मी विकत घेतलेलं नाही. एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय चालवणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी दरवर्षी पावसाळ्यात मला पुस्तकांचा एक गठ्ठा पाठवते. हल्लीची पोरं भयकथा, जादूनगरीच्या कादंबऱ्या आणि चित्रांतून सांगितलेल्या गोष्टी मागतात, आणि वाचनालयाच्या समितीतली वडीलधारी मंडळी असली पुस्तकं हातात धरायलाही तयार नसतात. म्हणून ती माझ्याकडे येतात. मी वाचायची, प्रत्येकाबद्दल दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा आणि गठ्ठा परत करायचा. निवृत्त शिक्षकाला दोन ओळींत मत मांडायला लावणं ही शिक्षाच आहे, पण पुस्तकं फुकट वाचायला मिळतात, तेव्हा मी ती भोगतो.

यंदाच्या गठ्ठ्यातली सगळ्यात जाड भयकादंबरी 'गडचिरोलीच्या निबिड अरण्यात' घडते. शहरातलं एक नवरा-बायकोचं जोडपं तिथल्या जुन्या बंगल्यात राहायला येतं, बंगल्याचा रखवालदार एका डोळ्यानं आंधळा असतो, आणि एक म्हातारा आदिवासी दर तीस पानांनी झाडामागून निघून 'परत जा' एवढंच सांगतो. त्याला दुसरं काही बोलताच येत नाही. घर, बायको, शेती, आधार कार्ड यांपैकी काहीही त्याच्याकडे नाही. इशारे देणं हा त्याचा पूर्णवेळ धंदा. अरण्य इतकं निर्मनुष्य, की मला लेखकाची काळजी वाटू लागली. गोष्ट मे महिन्यातली आहे. तेंदूच्या हंगामात आमच्या जंगलात पहाटे इतकी माणसं पानं तोडत असतात, की भुताला उभं राहायला जागा मिळणं कठीण. मलपृष्ठावर लिहिलं होतं की हे पुस्तक वाचून झोप उडेल. मला वाचता वाचता दोनदा लागली.

दुसरी, जादूनगरीची कादंबरी, तीन खंडांत आहे आणि सुरुवातीला नकाशा आहे. नकाशा असलेल्या कादंबरीकडे मी जरा संशयानंच बघतो. नद्या, पर्वत, सात राज्यं, प्रत्येक राज्याची वंशावळ, आणि जन्मतःच तळहातावर खूण असलेला एक राजपुत्र. त्याच्याबद्दल हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भविष्य सांगून ठेवलेलं असतं, म्हणून त्याला स्वतःला काही करावंच लागत नाही. सैन्यं येतात, जातात, सहा सहा महिने वेढे पडतात. पण तीन खंडांत मला धानाची एकही बांधी, म्हणजे भातखाचर, दिसली नाही. रोवणी नाही, कापणी नाही, कुणाच्या पायाला चिखल लागलेला नाही. एवढ्या लोकांचं धान कोण रोवून राह्यलं, असा प्रश्न मनात आला, आणि तो प्रश्न माझा नाही हेही त्याच क्षणी आठवलं. तो आवाज दुसऱ्याचा आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

उगाच किरकिर करतोय असं वाटू नये म्हणून हेही सांगतो, की गठ्ठ्यातल्या एका पातळशा कथासंग्रहात एक गोष्ट अशी निघाली की मी ती दोनदा वाचली. एका घराच्या दारात रोज संध्याकाळी चपलांचा एक जोड जास्त असतो. घरात माणसं पाच, जोड सहा. सहावा जोड झिजत जातो, एकदा त्याचा अंगठा तुटतो, दुसऱ्या दिवशी तो शिवून आलेला असतो. एवढंच. कुणाचा, ते लेखिका सांगत नाही. ती गोष्ट वाचल्यापासून मी आमच्या दारातल्या चपला मोजतो, आणि मी भुतं मानत नाही. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देवांबरोबर भुतंही घराबाहेर काढली, आणि त्यानंतर दोघांपैकी कुणीच परत यायचं धाडस केलेलं नाही.

आता ती तलावाची चित्रकादंबरी. लिहिणारी आणि चित्रं काढणारी मुलगी आमच्याच भागातली, सावलीकडच्या एका गावची, नागपुरात चित्रकला शिकलेली. हे तिचं पहिलं पुस्तक. प्रस्तावनेत तिनं एवढंच म्हटलंय की ही गावातल्या बायांकडून ऐकलेली गोष्ट आहे. चित्रं पाहून मी चकित झालो. पाण्याच्या काळ्या रंगाच्या इतक्या छटा मी कुठे पाहिल्या नव्हत्या. फक्त एका पात्राबद्दल माझी तक्रार होती आणि ती मी पेन्सिलीनं टिपूनही ठेवली होती. गोष्टीत एक मास्तर आहे. जाड चष्मा, खांद्याला झोळा, हातात सतत पुस्तक. भुताची गोष्ट खोटी आहे हे तो सगळ्या गावाला जमवून सांगतो, चार पानं नुसता बोलतो, त्याच्या बोलण्याचे फुगे इतके मोठे की बाकीच्या माणसांना चित्रात जागाच उरत नाही. मग तो मरतो. मी लिहिलं होतं: 'मास्तरचं पात्र फार ढोबळ. असा बोलघेवडा विवेकवादी प्रत्यक्षात नसतो.'

पण वाचनालयाचा प्रश्न मास्तरचा नव्हता. गठ्ठा पोचला त्याच संध्याकाळी विद्यार्थिनीचा फोन आला.

"सर, ते मोजावालं पुस्तक आधी वाचा. समितीतल्या एका सरांनी त्याच्यावर पेन्सिलीनं 'उचलेगिरी?' असं लिहिलंय."

"कुठून उचललं म्हणतात?"

"ते म्हणतात, आपल्या भुतांकडे हातमोजे कुठून येणार? एवढ्या गर्मीत आपण पायात मोजे घालत नाही. ही कुठल्यातरी जुन्या विलायती कादंबरीतली बाई आहे, अन् पोरगी गावाचं नाव सांगून खपवून राह्यली." मग ती म्हणाली, "रविवारी तिला वाचकांसमोर बोलायला बोलावलंय सर. ते सर तिला सगळ्यांदेखत विचारणार आहेत. पोरीचं पहिलं पुस्तक आहे. तुम्ही काय ते खरं शोधून सांगा."

समितीतल्या त्या गृहस्थांना मी ओळखतो. हार घालून घेताना ते मान किती वाकवायची हे आधी ठरवून येतात. पण या एका बाबतीत त्यांचा संशय बरोबर होता, आणि तो किती बरोबर आहे हे जगात बहुधा मी एकट्यालाच ठाऊक होतं. ती बाई खरोखरच एका जुन्या कादंबरीतून आली होती. तिला त्या तलावावर घेऊन जाणारा मीच.

नोकरीची माझी पहिली शाळा या चित्रकार मुलीच्याच गावात होती. धानाची बांधी, मागे जंगल, आणि गावाला लागून मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. शाळा सुटली की वेळ कसा घालवायचा हे कळत नव्हतं. तलावाच्या पाळीवर करंजाखाली एक मासेमार दुपारचा जाळं विणत किंवा सांधत बसलेला असे. वयानं माझ्या दुप्पट, काडीसारखा वाळलेला, एका गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. मी त्यांना भाऊ म्हणायचो. त्या गावात निम्म्या माणसांना भाऊच म्हणतात, तेव्हा हे नाव सांगितलं असं होत नाही. झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळलेल्या त्यांच्या जुन्या सुती जाळ्याला एक तुरट, ओलसर वास असे. अजूनही कुठे नवी कातडी चप्पल हातात घेतली की मला आधी तो तलाव आठवतो आणि मग चपलेची किंमत.

सावलीच्या बाजारात रद्दीवाल्याकडे मला मुखपृष्ठ फाटलेली एक भयकादंबरी मिळाली होती, कुठल्यातरी परक्या भाषेतून मराठीत आणलेली. लेखकाचं नाव मुखपृष्ठाबरोबरच गेलेलं. ती मी पाळीवर बसून वाचत होतो. भाऊ म्हणाले, "मनातल्या मनात काऊन वाचता गुरुजी? मोठ्यानं वाचा. माह्ये हात गुतले हायेत, कान मोकळेच हायेत." मग रोजचंच झालं. जळालेल्या हवेलीत एक बाई फिरते, तिच्या एकाच हातात पांढरा मोजा असतो, पावसाळी संध्याकाळी ती घोडागाडीतून येते. मी आवाज खालवर करत वाचायचो आणि भाऊ सुई थांबवून प्रश्न विचारायचे.

"ही बाई शंभर वर्सं तिथी राह्यते तं खाते काय?"

"भूत आहे भाऊ. भूत खात नाही."

"मंग सैपाकघराचं दोन पानं वर्नन काऊन केलं?"

मी पान उलटायचो. दुसऱ्या दिवशी घोडागाडी. "एवढा पाऊस पडून राह्यला म्हनता, तं घोडा चिखलात फसन का नाई? एखांद्या वक्ती तं फसन." मी हसायचो. त्यांच्या संशयाला भीती नव्हती आणि भक्तीही नव्हती. जाळ्याची प्रत्येक गाठ जशी ओढून बघायची तसं ते वाक्य ओढून बघत. पुढे आयुष्यभर मी ज्या पद्धतीनं पुस्तकं वाचली, जिला लोक माझी चिकित्सक दृष्टी वगैरे म्हणतात, ती मी त्या करंजाखाली फुकट उचलली आहे. उचलेगिरीच म्हणायची तर ती.

शेवटच्या पानावर उलगडा होता. आगीत त्या बाईचा एक हात जळालेला, म्हणून एका हातात मोजा. मी पुस्तक मिटलं. भाऊ नाराज होऊन म्हणाले, "हे सांगाले नोको होतं. सारंच सांगून टाकलं तं मंग भेव कायचा? येक तरी गोठ तशीच ठिवा लागते." साहित्यावरचं याहून चांगलं भाषण मी नंतर कुठल्याही सभागृहात ऐकलेलं नाही, आणि सभागृहं मी बरीच पाहिली आहेत.

त्या दुपारांमध्ये ते तलावाबद्दलही बोलत. तलावाच्या एका कोपऱ्यात देवधान माजायचं आणि पावसाळ्यात मरळ मासा तिथे पिल्लं घालायचा. पिल्लांचा लाल गोळा पाण्यावर तरंगत फिरतो आणि खाली नर राखण करत असतो. भाऊंच्या बापाच्या काळी पोळा फुटेपर्यंत त्या कोपऱ्यात कुणी जाळं टाकत नसे. आता लोक मच्छरदाण्या घेऊन उतरत आणि लाल गोळाच्या गोळा उचलून नेत. मच्छीमार सोसायटीचं मत्स्यबीज एखाद्या वर्षी येई, एखाद्या वर्षी नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की तग धरून राहायची ती मरळच, आणि तीच टोपलीत घालून भाऊंची बायको बाजाराला जायची. कोपरा गेला की घरचा उन्हाळा गेला, इतकं ते साधं होतं. "माह्यं कोन ऐकते?" असं ते म्हणाले तेव्हा मी उत्साहानं त्यांना ग्रामपंचायतीला अर्ज लिहून दिला. 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत सुरेख अक्षरात. त्या अर्जाचं काय झालं, हे कधीही अर्ज केलेल्या कुणालाही विचारावं.

पुढच्या पावसाळ्यात मी चौथीच्या वर्गाला 'आमचा गाव' असा निबंध दिला. वह्या तपासताना एका मुलीनं लिहिलेलं वाचलं: 'आमच्या तलावात एक बाई राहते. तिच्या एका हातात पांढरा मोजा आहे. ती कोपऱ्यात राहते. पोळ्यानंतर ती आपल्या माहेरी जाते.' मग दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्या वहीत बाई रेंगीतून येत होती. घोडागाडी गेली होती, तिच्या जागी बैलांची हलकी रेंगी आली होती, चिखलात न फसणारी. बाई काय खाते याचंही उत्तर होतं: मरळीची पिल्लं कोणी धरली की धरणाऱ्याच्या घरची चूल ती विझवते आणि तिथलं रांधलेलं खाऊन जाते. माझ्या कादंबरीतली प्रत्येक ढिली गाठ कुणीतरी आवळली होती. आणि मोजा का, हे कुठल्याच वहीत नव्हतं.

मी पाळीवर जाऊन भाऊंना विचारलं. "मले का मालूम गुरुजी," ते जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "गावात लोक बोलून राह्यले." पण गालातला खर्रा हलत होता.

इथे खरं तर मी घरी जाऊन गप्प बसायला हवं होतं. कोपऱ्याची हकीकत मला ठाऊक होती, अर्ज माझ्याच हातचा होता. पण मी पंचविशीतला होतो आणि अंधश्रद्धेवर बोलायची संधी शोधत होतो. दुसरंही एक कारण आहे, ते कबूल करायला मला इतकी वर्षं लागली. ते भूत माझ्या पुस्तकातलं होतं. माझ्या पुस्तकातलं भूत माझ्याच शाळेत मला न विचारता फिरत होतं, याचा मला राग आला होता. पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर, सगळा गाव शाळेच्या पटांगणात उभा असताना, मी झोळ्यातून ती फाटकी कादंबरी काढली आणि मोजावाल्या बाईचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मग विज्ञानावर बोललो. बरंच बोललो. लोक हसले, पोरं तर लोळली. भाऊ मागे कुंपणाला टेकून उभे होते. तेही हसल्यासारखं करत होते. त्यांचे हात मोकळे होते आणि काय करावं हे त्या हातांना सुचत नव्हतं, एवढं मला आठवतं.

चौथ्या दिवशी कोपऱ्यात अर्धा गाव उतरला. मच्छरदाण्या, जुनी लुगडी, जे हाताला लागेल ते. पुढचे आठ दिवस गावातल्या छपरांवर बोटाच्या पेराएवढी पिल्लं वाळत होती आणि तो वास माझ्या वर्गाच्या खिडकीतून आत येत होता. भाऊ मला रस्त्यात भेटले. रागावले नाहीत. "गुरुजी, बाई कुठून आनली थे तुमी साऱ्यायले सांगतलं," ते म्हणाले, "काऊन आनली थे इचारलं नाई."

सप्टेंबरात मला मलेरिया झाला, डोक्यात गेलेला. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेलं, असं मला नंतर सांगण्यात आलं. दोन महिने चंद्रपुरात दवाखान्यात आणि मग घरी. बरा झालो तेव्हा वडिलांनी धावपळ करून बदली दुसरीकडे करून घेतली होती. त्या गावातल्या एका सहकाऱ्याचं पुढच्या उन्हाळ्यात पत्र आलं, त्यात सहज एक ओळ होती: तुमचे भाऊ आणि त्यांची बायको यंदा पहिल्यांदाच मिरची तोडायला तेलंगणाकडे गेली. ती ओळ मी आजवर कुणाला वाचून दाखवली नाही. आणि त्या गावाला मी कधी परत गेलो नाही. तालुक्याला कामं निघाली, लग्नं निघाली, मी दरवेळी दुसरा रस्ता धरला.

आता त्या चित्रकार मुलीवर किटाळ होतं आणि मला खरं काय ते माहीत होतं. सांगावं तर गोष्ट पुन्हा उघडी पडणार, सांगू नये तर एका पोरीला रविवारी भरसभेत चोर ठरवलं जाणार. पुन्हा मनात आणखी एक शंका वळवळत होती. मी तर त्या बाईला गावासमोर पार हास्यास्पद करून आलो होतो. मग गावातल्या बायांनी या पोरीला कुठली गोष्ट सांगितली? तिनंच कुठून ती फाटकी कादंबरी मिळवली असेल तर? शुक्रवारी सकाळी मी सावलीची एसटी पकडली आणि पुढे ऑटो.

तलाव होता तिथेच होता. करंज नव्हता. पाळीला एका बाजूनं सिमेंटचा पायऱ्यांचा घाट झाला होता, त्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव काम करणाऱ्यांच्या कष्टापेक्षा मोठ्या अक्षरात. घाटावर एक चाळिशीतली बाई विळ्यानं मासोळ्या साफ करत बसली होती. मी कोपऱ्याकडे वळलो तशी तिनं हाक मारली.

"ओ भाऊ, कोनीकडचे जी तुमी? तिकडं नोका जाऊ."

"काऊन?" माझ्या तोंडून त्याच बोलीत निघालं.

"पोळ्यापावतर तिकडं कोनी जात नाई. बाई राह्यते तिथी. एका हातात मोजा हाय तिच्या."

"असं काही नसतं हो बाई," मी म्हणालो. जुनी खोड.

तिनं विळा खाली ठेवला. "असंच एक मास्तर बोले. लय सिकेल होता. झेंड्याच्या दिवशी साऱ्या गावासमोर तिचं पुस्तक काढून वाचलं त्यानं. छापेल पुस्तक! म्हंजे तिचं नाव सरकारात बी हाय. लोकं हासले, कोपऱ्यात उतरले, पिल्लं धरले. महिनाभरात मास्तर गेला."

"कुठी गेला?"

"वर."

मी चष्मा काढून पुसला. "कोणी पाहिलं?"

"पाह्याले काय लागते? टॅक्टरच्या टॉलीत घालून नेला, साऱ्या गावानं पाह्यला. वापस आला का? नाई आला. तवापासून कोनाच्या बापाची हिंमत नाई."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या मामाजीनं." म्हणजे सासऱ्यांनी. तिनं पाळीवर जिथे करंज होता तिकडे हनुवटीनं दाखवलं. "तिथीच जाळं इनत बसत थे. दोन वर्सं मिरचीले गेले, मंग नाई गेले. आता वारून बी बरीच वर्सं झाली त्यायले. मास्तरची गोठ सांगतानी लय हळहळ करत. चांगला होता म्हने बिचारा. फक्त बोले जास्त."

मी कोपऱ्याकडे बघितलं. देवधान उभं होतं, कुणी न कापलेलं, न तुडवलेलं. गवताच्या कडेला पाण्यावर एक लाल डाग होता, ताटाएवढा, आणि तो हळूहळू सरकत होता. त्याच्या खाली काहीतरी काळं, लांब, त्याच्याच चालीनं चाललं होतं. माझ्या भाषणातून त्या माणसानं वाया जाईल असं काहीच सोडलं नव्हतं. मी पुरावा म्हणून काढलेलं पुस्तक त्यानं बाईच्या बाजूचा पुरावा केलं. माझा ताप वापरला, ट्रॉली वापरली, माझं न परतणंही वापरलं. मी दुसरा रस्ता धरत राहिलो ती सगळी वर्षं नकळत त्या कोपऱ्याची राखण करत होतो. एकदा जरी तोंड दाखवायला आलो असतो तरी सगळं संपलं असतं.

बाई माझ्याकडे निरखून बघत होती. चष्मा, खांद्याची झोळी. "तुमी मास्तर होते का जी?"

"नाही," मी म्हणालो. "बँकेत होतो."

आयुष्यात पहिल्यांदाच मी भुताच्या बाजूनं खोटं बोललो, आणि आजोबांची मला जराही भीती वाटली नाही. निघताना मी तिला विचारलं, तुमचा स्वतःचा विश्वास आहे का या गोष्टीवर? ती मासोळीचं पोट साफ करत म्हणाली, "इस्वासाचं मले नाई मालूम. मी पोळ्यापावतर जात नाई, बस." एवढं नेमकं उत्तर मला सात राज्यांच्या तीन खंडांत सापडलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी ती चित्रकादंबरी पुन्हा उघडली. मास्तर पुन्हा पाहिला. चार पानं बोलण्याचे फुगे, बाकीच्यांना जागा नाही. मी आधी लिहिलेली टीप खोडरबरानं पुसली आणि माझ्या दोन ओळी लिहिल्या. 'ही गोष्ट त्याच तलावाची आहे. मी स्वतः जाऊन खात्री करून घेतली आहे. मास्तरचं पात्र ढोबळ असलं तरी वास्तवाला धरून आहे.' दोन्ही ओळी अक्षरशः खऱ्या आहेत. रविवारी समितीतल्या त्या गृहस्थांनी हा अभिप्राय वाचला आणि प्रश्न विचारला नाही, असं विद्यार्थिनीनं कळवलं. पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या गेल्या. एकीवर आताच नंबर लागले आहेत म्हणे.

हल्ली कुठलंही भीतीचं पुस्तक हातात आलं की मी आधी विचारतो, ही भीती कशाची राखण करते आहे? बहुतेक वेळा उत्तर मिळतं की कशाचीच नाही, पुढच्या खंडाची. चपलांच्या जोडाच्या गोष्टीबद्दल अजून ठरत नाही. काळ सगळं पुसतो असं म्हणतात. माझ्या अनुभवात त्यानं एक करंज पुसला, एक चांगला माणूस पुसला आणि मी सगळ्यांदेखत केलेली एक फुशारकी मात्र नीट जपून कामाला लावली.

वाचक म्हणून तुम्ही संशयी असाल, असलंच पाहिजे, तर एक शंका तुमच्या मनात आली असेल. मग हा लेख लिहून मी पुन्हा तेच करतो आहे की काय, झेंड्यासमोर उभं राहून पान वाचणं? म्हणून सांगतो. गावाचं नाव मी दिलेलं नाही, पुस्तकाचं नाही, माणसांचं नाही. सावलीकडच्या तलावांवर जाऊन कोपरे शोधू नका, तो तलाव सावलीकडे असेलच असं नाही. आणि त्या बाईच्या हातात खरोखर जे आहे, ते मोजा नाही.